आत्याबाईंच्या अंगावरची घोंगडी

शनिवार, ९ जानेवारी १९९९. खुटबाव.

भावाने, जयसिंगने, यंदाही कंपनीची डायरी पाठवली. मागच्या वर्षी मी मार्चपर्यंत लिहिलं आणि पुढच्या पानांवर स्वप्नालीने कोंबड्या काढल्या. चार वर्षांच्या पोरीचा हात पोचणार नाही अशी या घरात एकच जागा, कणगीमागची फळी. यंदा डायरी तिथे. आणि एक मुभा मी स्वतःला दिली आहे. तोंडाने नवऱ्याला अहो म्हणते, इथे हनुमंत म्हणणार. इथे कोण ऐकतंय.

आज आत्याबाईंशी वाजलं. सासू-सून एका घरात म्हटल्यावर वाजायचंच, पण आमचं वाजतं ते मेंढ्यांवरून. सासरे होते तोवर घरचा कळप होता, रानोमाळ हिंडणं होतं. आता रान बागायत झालं, कांदा आला, ऊस आला, तरी आत्याबाईंनी पाच-सात मेंढ्या दारात ठेवल्याच आहेत. काल स्वप्नालीच्या कानामागे गोचीड निघाली, टम्म फुगलेली. मी म्हणाले, आता एक तर मेंढ्या विका, नाहीतर मी पोरीला घेऊन शिरूरला माहेरी जाते.

आत्याबाई म्हणाल्या, "मेंढरं ह्या घरात तुझ्या आधी आल्यात."

मी ताटली जरा जोरात ठेवली एवढंच. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. स्वप्नालीकरवी निरोप देतात. "तुझ्या आईला म्हणावं मीठ कमी पडलंय." मी समोरच बसलेली असते.

सोमवार, ११ जानेवारी

गोचिडांवर आत्याबाईंनी स्वतःच उपाय काढला. मला काही विचारायचं नव्हतं ना. कांद्यावर फवारायच्या औषधाचा डबा काढला, बादलीत ओतला आणि एकेक मेंढी गुडघ्यात धरून फडक्याने चोळत बसल्या. लुगडं भिजू नये म्हणून मांडीवर घोंगडी. दुपारी एका मेंढीने लाथ मारली आणि डबा घोंगडीवरच कलंडला. मी भाकरी थापत होते, वासाने डोळे चुरचुरले. ती धुवायला द्या म्हणाले तर उत्तर नाही. घोंगडी त्यांच्या सासूच्या हातची. पाणी लावलं की तिचा मान जातो म्हणे. उन्हात टाकली, झटकली आणि सांज झाल्यावर खांद्यावर घेऊन बसल्या.

हनुमंतला म्हणाले, घर नुसतं फवारणीचं झालंय. तो म्हणाला, गोचीड मेल्या का न्हाई ते बघ. माय-लेक सारखेच.

मंगळवार, १२ जानेवारी. दौंड, दवाखान्याच्या बाकावर.

निघताना काय घ्यावं सुचत नव्हतं. एक लुगडं, तांब्या आणि का कोण जाणे, ही डायरी पिशवीत टाकली. हात रिकामे ठेवले की नको ते सुचतं, म्हणून लिहितेय.

सकाळी आत्याबाई चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडल्या. तोंडातून लाळ, अंग घामाने चिंब, दंडाचं मांस कातडीखाली उडत होतं. डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मी हाक मारली तर बघितलं, पण मी दिसले असं वाटलं नाही. हनुमंतने त्यांना घोंगडीत गुंडाळलं. आमच्याकडे आजाऱ्याच्या अंगावर घरातली थोरली घोंगडी घालतात, वर भंडारा उधळतात, आणि आजारी माणूस स्वतःच्या हाताने बाजूला सारत नाही तोवर ती काढत नाहीत. काढली तर माणूस उठत नाही म्हणतात. स्वप्नालीला शेजारच्या कुशाबाईंकडे ठेवलं आणि गावातल्या पोपटरावांच्या जीपमध्ये आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन मी दौंडपर्यंत देवाला जे सुचेल ते बोलत आले.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तातडीच्या पेशंटची खोली दाराशीच आहे. डॉक्टर फोनवर होते. कुठल्या तरी प्लॉटचं बोलणं चाललं होतं, रस्ता वीस फुटी की तीस फुटी. आम्ही आत्याबाईंना खाटेवर ठेवलं तरी रस्त्याची रुंदी काही ठरेना. हनुमंत हात जोडून उभा. शेवटी ते उठले, दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर थांबून नाकाला रुमाल लावला. वयाने फार नाहीत. पांढरे स्वच्छ बूट.

"औषध प्यायलीय," ते म्हणाले.

मी पुढे झाले. म्हणाले, साहेब, प्यायल्या नाहीत, काल मेंढ्यांना लावत होत्या.

"म्हणजे औषध घरात होतं. झालं तर." मग हनुमंतला विचारलं, "ही कोण? सून का?" हनुमंतने मान हलवली. बाहेर बाकावर दहा माणसं बसलेली, दार सताड उघडं. डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे बघा, मी असल्या केसेस रोज बघतो. एक तर म्हातारीने घेतलंय, नाहीतर सुनेने दिलंय. तिसरं काही नसतं."

कुणीतरी खुसकन हसलं. सिस्टरला इंजेक्शनची नावं सांगून ते परत फोनकडे गेले. आत्याबाईंना त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

मी बाकावर येऊन बसले तर शेजारची बाई सरकून बसली. माझ्यासाठी जागा केली असं मला आधी वाटलं.

बुधवार, १३ जानेवारी

इंजेक्शनं लागू पडली. लाळ थांबली, श्वास सरळ झाला. म्हणजे डॉक्टर म्हणतात ते खरं. औषध विषावरचं, आणि ते लागू पडलं. हनुमंतही तेच म्हणाला आणि म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

मला भीती वाटते आहे. आत्याबाई जातील ही भीती तर आहेच. पण त्या खरंच प्यायल्या असतील तर? मीच म्हणाले ना, मेंढ्या विका नाहीतर मी जाते. त्यांनी मनाला लावून घेतलं असेल. कालपासून तेवढंच डोक्यात फिरतंय. चुलीपुढे बसल्या तेव्हा पाठ माझ्याकडे होती. पाठीमागून माणूस काय करतंय ते कळत नाही.

दुपारी हवालदार आले. बिचारे हळू बोलत होते. भांडण झालं होतं का, विचारलं. खोटं कसं सांगू? झालं होतं म्हणाले. कशावरून? मेंढ्यांवरून. त्यांनी लिहून घेतलं. पाठीमागून जाता जाता डॉक्टर म्हणाले, "बघा, कारण पण मिळालं."

सिस्टरने सकाळी घोंगडी काढून खुर्चीवर टाकली होती, सलाइनची नळी अडकते म्हणून. दुपारनंतर आत्याबाई पुष्कळ बऱ्या वाटल्या. "पानी" म्हणाल्या. मी घोटभर पाजलं, त्यांनी घेतलं. मला रडू आलं. संध्याकाळी नणंद आली, सिंधू वन्सं. आईला उघडं बघून त्यांनी मलाच झापलं, सिस्टरची पाठ वळताच घोंगडी घातली आणि थंडी म्हणून गळ्यापर्यंत आवळून दिली. मी आड आले नाही. मुलगी आहे त्यांची.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत.

हे लिहावं की नाही कळत नाही. पण कुणाला सांगू?

पहाटेच्या गाडीने घरी जाऊन मेंढ्यांना वैरण टाकली, स्वप्नालीला भेटले, आणि शनिवारी वळून ठेवलेले तिळाचे लाडू डब्यात घेऊन परत आले. सण आहे, आत्याबाईंच्या जिभेवर कणभर ठेवावा म्हटलं. अबोला धरलेल्या माणसाशी बोलायला सुरुवात करायची तर आजच्यासारखा दिवस नाही. त्यांनी तो कण चघळला. माझ्याकडे बघून ओठ हलवले.

दुपारी पुन्हा तेच. घाम, लाळ, दंड उडायला लागले. सिस्टर धावत गेली. डॉक्टर दवाखान्यात नव्हते, स्वतःच्या क्लिनिकवर होते. सिस्टरने फोन केला, त्यांनी फोनवरच इंजेक्शन सांगितलं. आले तेव्हा ऊन उतरलं होतं. परत उंबऱ्यावर उभे, परत रुमाल.

"काल बरी होती, आज परत कशी? हिला इथे कुणी काय खायला घातलं?"

 मीच म्हणाले, मी तिळगूळ दिला, कणभर.

डॉक्टर हसले. खरंच हसले. म्हणाले, "हिला पेशंटजवळ बसू देऊ नका. नाहीतर मग मला विचारू नका, काय झालं म्हणून." आणि गेले. तिळगुळाचा डबा उघडूनसुद्धा बघितला नाही. मी म्हणत होते, बघा, तपासा, मी खाऊन दाखवते. पाठमोऱ्या माणसाला किती सांगणार?

वन्संनी डबा खिडकीतून बाहेर फेकला. लाडू फरशीवरून घरंगळत गेले. मी हनुमंतकडे बघितलं. पाच वर्षं झाली लग्नाला, हा माणूस माझ्यावर कधी आवाज चढवून बोललेला नाही. आजही चढवला नाही. जवळ आला आणि खालच्या आवाजात विचारलं, "तू काय दिलं का तिला? मला खरं सांग. मी काय करणार न्हाई."

मी काय करणार न्हाई. या शब्दांचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते आहे. म्हणजे काही करण्यासारखं मी केलं असेन, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

शुक्रवार, १५ जानेवारी. शिरूर.

मला माहेरी पाठवलं.

सकाळी वन्सं चूळ भरायला गेल्या तेवढ्यात मी आत गेले होते. आत्याबाई लालबुंद झालेल्या, तोंड कोरडं पडलेलं, मधूनच सासऱ्यांशी बोलत होत्या. सिस्टर म्हणाली, इंजेक्शनांनी असं होतं. मी तांब्या ओठांना लावला तर त्यांनी दात घट्ट मिटले. आजाराने दातखीळ बसते तशी बसली असेल. पाणी हनुवटीवरून ओघळलं, मी पदराने पुसलं. मग एकाएकी त्यांनी दोन्ही हातांनी घोंगडी अंगावरून ढकलून दिली. चांगली खाली पाडली. मला एवढा आनंद झाला. स्वतःच्या हाताने सारली म्हणजे उठणार. मी धावत जाऊन हनुमंतला सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, चार दिस शिरूरला जा, पोरीला घेऊन. वन्संच्या समोर म्हणाला. का, एवढंही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

स्टँडपर्यंत सोडायला आला. वारं बोचरं होतं आणि माझी शाल दवाखान्यातच राहिली होती. एसटी सुटायच्या आधी तो खिडकीशी आला, काखेतली घोंगडी काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. "आयनं सारलीय आता. तू घे. थंडी हाय." एवढंच बोलला. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला कळेना. पण घोंगडी त्याच्या हातची होती, म्हणून मी ती नाकापर्यंत ओढून घेतली आणि वाटभर रडत आले. वाटेत घरी उतरून स्वप्नालीला घेतलं, चौफुल्याला गाडी बदलली, न्हावऱ्यावरून शिरूर.

जयसिंग कामावरून आल्यावर सगळं सांगितलं. तो भडकला, दौंडला जाऊन डॉक्टरला बघतो म्हणाला. वहिनीने त्याला गप्प केलं. मग मला विचारलं, "पण वन्सं, तुम्ही खरंच काही नाही ना दिलं?"

शनिवार, १६ जानेवारी. शिरूर.

दौंडहून पलीकडच्या एसटीडी बूथवर फोन आला. आत्याबाई उठून बसल्या. पेज प्यायल्या. इंजेक्शनं कमी केली. हनुमंतच्या आवाजात हसू होतं.

मी देवापुढे दिवा लावला. आणि दिवा लावताना उमगलं. मी होते तोवर त्या मरायला टेकल्या, मी निघाले आणि उठून बसल्या. आता कुणाला काय सांगायचं? डॉक्टर म्हणाले तेच खरं झालं. माझ्या हातांकडे बघत बसले. एवढ्यांदा एकच गोष्ट कानावर पडली की आपल्यालाच वाटायला लागतं, पीठ मळताना हात औषधाचे राहिले होते का? लाडू कोणत्या डब्यात ठेवले होते? पण लाडू शनिवारचे आणि मेंढ्या सोमवारी. पुन्हा पुन्हा मोजते तरी खात्री होत नाही.

उद्या सासरची माणसं पोरगी माझ्याकडे ठेवतील का? पोलीस शिरूरला येतील का? दारावरून मोटारसायकल गेली तरी उठून फटीतून बघते.

डोकं ठणकतंय. अंग कसंसंच होतंय, थंडी जात नाही. दिवसभर घोंगडी पांघरून बसून आहे. स्वप्नाली म्हणते तिला वास येतो, आणि मामीजवळ झोपायला गेली. तेवढंच राहिलं होतं. पोरसुद्धा जवळ येईना.

रविवार, १७ जानेवारी

अक्षरं दोन दोन दिसतात. तोंडाला सारखं पाणी सुटतंय, थुंकून थुंकून दमले. पोटात कळा. वहिनी घाबरली आहे. सारखं विचारते, काय खाल्लंत, काय घेतलंत? सगळे मला तेच विचारतात.

मी मेले तर म्हणतील, अपराधी होती म्हणून प्यायली. मी काही घेतलेलं नाही. इथे लिहून ठेवते. मी धनश्री हनुमंत, मी काही घेतलेलं नाही आणि कुणाला दिलेलं नाही. थंडी वाजते

गुरुवार, २१ जानेवारी. शिरूर, दवाखाना.

आज हातात पेन धरवतंय.

रविवारचं मला थोडं थोडं आठवतं. जयसिंगने रिक्षात घातलं. मग एक पांढरी खोली आणि एका बाईचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ, इतका जवळ की त्यांच्या कपाळावरची टिकली तिरकी लागली आहे हे मला दिसलं. डॉक्टरीणबाई. त्यांनी माझी पापणी वर केली, दंड दाबून बघितला, मग वाकून माझ्या गळ्याचा वास घेतला. त्यानंतर घोंगडीचा. आणि घोंगडी उचलून थेट दाराबाहेर फेकली.

वहिनी सांगते, डॉक्टरीणबाई आधी तिच्यावरच ओरडल्या. "हिचे सगळे कपडे काढा. साबण लावून आंघोळ घाला, केस पण धुवा. आधी ते, मग बाकीचं." आणि सलाइन लावता लावता स्वतः माझे पाय धूत होत्या. मला फक्त कोमट पाणी आठवतं. अंगावरून वाहणारं कोमट पाणी, आणि कुणीतरी केसांत बोटं घालून चोळतंय.

काल शुद्धीवर आले तेव्हा त्या खाटेवर बसल्या आणि विचारलं, घोंगडीला काय लागलंय. मी सांगितलं. मेंढ्या, डबा, मेंढीची लाथ. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं.  मग म्हणाल्या, फवारणीचं औषध प्यावंच लागतं असं नाही. कातडीतून अंगात जातं. डबाच्या डबा सांडलेली घोंगडी, घामाने ओली, दिवसरात्र अंगावर. सासूबाईंना इंजेक्शनं उतार देत होती आणि घोंगडी पुन्हा चढवत होती. "दौंडला त्यांना कुणी आंघोळ घातली नाही का? कपडे बदलले नाहीत?"

मी नाही म्हणाले. कुणी जवळच आलं नव्हतं.

 त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी ओक्साबोक्शी रडले. तिसरं काही होतं. त्या दिवशी तो माणूस उंबरा ओलांडून दोन पावलं आत आला असता, वाकला असता, तर त्यालाही कळलं असतं.

मग एकाएकी आठवलं. स्वप्नाली त्या रात्री माझ्याजवळ झोपली असती तर.

शुक्रवार, २२ जानेवारी

हनुमंत आला. जयसिंगने फोनवर सगळं सांगितलं होतं. खाटेपाशी उभा राहिला. मग म्हणाला, "म्याच घातली तुझ्या अंगावर."

मी म्हणाले, थंडी होती.

त्याने मला तो प्रश्न विचारला होता त्याबद्दल तो काही बोलला नाही. मीही काढलं नाही. पण ते दोघांच्या मध्ये बसून होतं.

शनिवार, २३ जानेवारी. खुटबाव.

खुटबावला परतताना दौंडला जाऊन आत्याबाईंना घरी आणायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद लिहून दिला होता. मी हनुमंतला म्हणाले, डॉक्टरांना कागद मी देणार.

डॉक्टर फोनवर नव्हते, पेपर वाचत होते. मला ओळखलं नाही. खरंच नाही ओळखलं. "कुठला पेशंट?" विचारलं. ज्या माणसाने माझं आयुष्य उलटंपालटं केलं त्याला माझं तोंडही लक्षात नव्हतं. मी कागद पुढे केला.  म्हणाले, साहेब, त्या प्यायल्या नव्हत्या आणि मी दिलं नव्हतं. घोंगडीतून भिनलं. तुम्ही एकदाही खाटेजवळ आला नाहीत.

त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मी विषबाधाच म्हणालो होतो ना? मग? ट्रीटमेंट तीच दिली. पेशंट जगला. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

 त्यांचं काही चुकलंच नव्हतं, त्यांच्या मते. हवालदारांना काय सांगितलं होतं ते सांगा म्हणाले, तर ते माझं काम नाही म्हणाले आणि पेपर उचलला. हनुमंतने माझा दंड धरला. त्याचा हात तापलेला होता. मला वाटलं आता हा काहीतरी करेल, पण तो मला धरून बाहेर घेऊन आला. हवालदारांकडे कागद आम्हीच नेऊन दिला. त्यांनी वाचला, आणि बाई, बसा, चहा घ्या म्हणाले. माणूस चांगला.

घोंगडी शिरूरलाच डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पुरली. हे सगळं कळल्यावर वन्सं खूप रडल्या. मग माझ्या पाया पडायला वाकल्या तर मी मागे सरले. त्यांची आई हातची जात होती. त्यांनी तरी काय करायचं?

रविवार, २४ जानेवारी. रथसप्तमी.

आत्याबाई अंगणात उन्हात बसल्या. फार वाळल्यात. सगळं त्यांना समजावून सांगितलं आहे, हनुमंतने दोनदा, वन्संनी एकदा. मान हलवून "व्हय, कळलं" म्हणाल्या. "माझ्याच हातानं झालं म्हणा की." मेंढ्या विकायला स्वतःहून कबूल झाल्या.

रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. नवे लाडू वळले. पहिला आत्याबाईंच्या हातावर ठेवला आणि पाया पडले. त्यांनी लाडू फोडला, अर्धा मला परत दिला आणि म्हणाल्या, "तू खा आधी."

पाच वर्षांत पहिल्यांदा. या घरात मी शेवटी जेवते, शेवटी निजते. आज मला आधी. डोळे भरून आले. मी खाल्ला, मग त्यांनी खाल्ला. वाईटातून कधी कधी चांगलं निघतं ते असं.

गुरुवार, २८ जानेवारी

चहाचंही तसंच. कप दिला की म्हणतात, तू घे घोटभर आधी. भाकरीचा पहिला तुकडाही मला. मी हनुमंतला म्हणाले, तुमच्या आईला माझी माया लागलीय. तो हसला नाही. त्याला काही कळत नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

आज वन्सं भेटायला आल्या. येताना शिरा करून आणला होता. डब्यातून वाटीत काढला आणि आईला दिला. आत्याबाईंनी वाटी घेतली आणि खायला लागल्या. सरळ. भराभर. वन्संना तू आधी खा म्हणाल्या नाहीत.

मी दारात उभी होते. हातात त्यांचा चहा होता. आणि मग दातखीळ आठवली, जी दातखीळ नव्हती. पाणी हनुवटीवरून ओघळलं होतं. त्या दिवशी दार उघडं होतं आणि डॉक्टरांचा आवाज मोठा होता. खाटेवर पडलेलं माणूस बोलू शकत नसलं तरी ऐकू शकतं. बाहेरच्या दहा माणसांनी ऐकलं तसं आत्याबाईंनीही ऐकलं होतं, आणि संक्रांतीला लाडवानंतर पुन्हा ऐकल्यावर ते त्यांच्या मनात बसलं असणार. आणि त्यानंतर आम्ही कितीही समजावलं तरी ते कानातून निघालेलं नाही.

त्या वाईट नाहीत. माझ्यावर रागावलेल्याही नाहीत. स्वप्नालीची वेणी घालताना मघाशी मला म्हणाल्या, तू बी वाळलीस गं, जरा दूध पीत जा. डोक्याने त्यांना सगळं पटलं आहे. हात तेवढा ऐकत नाही.

 कपातला घोट मी आधी घेतला. तो माझ्या घशाखाली उतरेपर्यंत आत्याबाई माझ्या गळ्याकडे बघत होत्या. उतरल्यावरही थोडा वेळ थांबल्या. तोवर त्यांचा चहा निवला. मी तो परत चुलीवर ठेवला, गरम करून आणला आणि पुन्हा आधी मीच घोट घेतला.